एकदाच दिसलेले फूल

बोर्निओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सारावाक नावाचा प्रदेश आहे. त्याची राजधानी कूचिंग. या शहरापासून थोड्याच अंतरावर मातांग नावाचा डोंगर असून त्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एके काळी निबिड अरण्य पसरलेले होते. विषुववृत्ताजवळचे हे रान आपल्याकडील रानासारखे ऋतूऋतूला रूप पालटत नाही. तेथे बारा महिने पाऊस पडतो आणि बारा महिने झाडे हिरवीगार असतात. पन्नास-पन्नास मीटर उंचीचे वृक्ष वर एकमेकांत फांद्या गुंतवून उभे राहतात. त्यामुळे सूर्य डोक्यावर आला तरी खाली संधिप्रकाशच असतो. जमिनीवर गवत नाही, फुलझाडे नाहीत. आहे तो केवळ भिजलेला, कुजत चाललेला पालापाचोळा.

१८६६ साली या अंधाऱ्या जमिनीवर एका तरुण इटालियन माणसाला एक विलक्षण फूल दिसले. त्याला पान नव्हते आणि हिरव्या रंगाचा लवलेशही नव्हता. पाचोळ्यातून वर आलेला वीतभरही नसलेला पांढुरका देठ, त्याच्या टोकाला कंदिलासारखे फुगीर असे एकच फूल आणि त्या फुलाच्या माथ्यावर उभे राहिलेले तीन लांब, बारीक तंतू. एखाद्याला ते फूल न वाटता एखादा समुद्रातील प्राणीच वाटला असता. तरुणाने ते नीट न्याहाळले, त्याची नोंद केली आणि चित्र काढले. त्यानंतर दीडशे वर्षे ते फूल कोणालाही पुन्हा दिसले नाही. त्या तरुणाचे नाव होते ओदोआर्दो बेक्कारी.

बेक्कारी या आडनावाचे आपल्या भाषेतील एका शब्दाशी मोठे साम्य आहे. परंतु ते केवळ उच्चारापुरते. हा गृहस्थ जन्मभरात फारच थोडे दिवस रिकामा बसला असेल.

ओदोआर्दोचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स नगरात १६ नोव्हेंबर १८४३ रोजी झाला. त्या वेळी इटली हे एक राष्ट्र झालेले नव्हते. फ्लॉरेन्स ही तोस्काना नावाच्या एका लहानशा राज्याची राजधानी होती. आईबापांचे छत्र त्याच्या डोक्यावरून अगदी बालपणीच नाहीसे झाले. मामांनी त्याला सांभाळले व शिक्षणासाठी लुक्का या गावी ठेवले. लुक्का येथे एक जुना वनस्पतिबाग होता. या बागेत आणि भोवतालच्या डोंगरांत ओदोआर्दोला झाडापाल्याचा छंद लागला. पोर दिवसभर हिंडे, पाने-फुले गोळा करी, ती कागदात दाबून वाळवी आणि त्यांवर नावे लिही. असे छंद पुष्कळ मुलांना असतात. वय वाढले की ते गळून पडतात. ओदोआर्दोचा छंद मात्र वयाबरोबर वाढतच गेला. पीसा येथील विद्यापीठात त्याने प्रवेश घेतला, पुढे तो बोलोन्या येथे गेला आणि तेथून पदवी घेऊन बाहेर पडला.

बोलोन्यास असताना जेनोवा शहरातील एका तरुण सरदाराशी त्याची ओळख झाली. त्याचे नाव जाकोमो दोरिया. दोरियांना प्राण्यांचा अभ्यास करण्याची हौस होती आणि ते इराणची सफर करून आलेले होते. आता आणखी दूर कोठे तरी जावे, असे त्यांच्या मनात होते. एकाला प्राण्यांचे वेड, दुसऱ्याला वनस्पतींचे. दोघांचे जमण्यास वेळ लागला नाही. बोर्निओस जावयाचे, असे ठरले.

निघण्यापूर्वी बेक्कारींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. लंडनजवळील क्यू येथील बागेत जगातील नाना देशांतून आलेल्या वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह होता. तेथे काही काळ राहून त्यांनी त्या भागातील वनस्पतींचा अभ्यास केला. जे माहीत आहे ते आधी पुरते समजले नाही, तर नवे काय आहे ते ओळखणार कसे? या मुक्कामात विल्यम हूकर आणि त्यांचे पुत्र जोसेफ हूकर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांचा त्यांना सहवास घडला. चार्ल्स डार्विन यांचीही गाठ पडली. सारावाकवर त्या काळी ब्रूक नावाच्या इंग्रज घराण्याचे राज्य होते. त्या घराण्याचे पहिले राजे जेम्स ब्रूक यांचीही भेट होऊन त्यांच्या राज्यात हिंडण्याची सोय झाली.

१८६५ साली बेक्कारी व दोरिया सारावाकात येऊन पोहोचले. तेव्हा बेक्कारींचे वय एकवीस वर्षांचे होते. सुवेझचा कालवा अद्याप खुला झालेला नव्हता. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवाशांना ईजिप्तची भूमी ओलांडून पुन्हा जहाजात बसावे लागे. इतका लांबचा पल्ला गाठून आल्यावर काही महिन्यांतच दोरियांची प्रकृती ढासळली आणि ते मायदेशी परतले. बेक्कारी मात्र मागे राहिले. मातांग डोंगराच्या उतारावर त्यांनी एक झोपडी उभारली आणि तिला आपल्या देशातील फ्लॉरेन्सजवळच्या एका प्रसिद्ध रानाचे नाव दिले: वालोम्ब्रोझा. परमुलखात घराची आठवण सर्वांनाच येते. त्याला शास्त्रज्ञही अपवाद नसतात.

या झोपडीत राहून त्यांनी जे काम केले त्याची कल्पना शहरात राहणाऱ्यास सहज यावयाची नाही. उंच वृक्षांची फुले जमिनीवरून दिसतही नसत, मग हाती लागण्याची गोष्ट दूरच. एखाद्या वृक्षाचे फूल पाहिजे असेल तर मलायी व डायाक मजुरांकरवी तो वृक्षच तोडून पाडावा लागे. आज हे ऐकून वाईट वाटते. परंतु त्या काळी त्या रानाला अंतच नाही असे सर्वांना वाटत असे. फुले-पाने हाती आली की ती कागदांच्या घड्यांत दाबून वाळवावयाची. पण जेथे अंगावरचे कपडेसुद्धा सुकत नाहीत तेथे कागद कसे सुकावेत? एका दिवसाचा आळस झाला की साऱ्या संग्रहावर बुरशी चढे. त्यांतच हिवतापाची थंडी भरे. असे असूनही तीन वर्षांच्या आत बेक्कारींनी सुमारे ४००० क्रमांकांच्या वनस्पती गोळा केल्या आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या.

काही वनस्पतींच्या बाबतीत ही वाळवण्याची रीत मुळीच चालत नाही. मांसल, पाणीदार आणि नाजूक अशी जी फुले असतात ती दाबली की त्यांचा नुसता लगदा होतो. रंग उडतो, आकार मोडतो आणि कागदावर उरतो तो एक तपकिरी डाग. अशी फुले ताजी असतानाच पाहून त्यांचे वर्णन लिहावे लागते, चित्र काढावे लागते आणि शक्य तर ती मद्यार्कात बुडवून ठेवावी लागतात. मातांगच्या रानात दिसलेले ते तीन तंतूंचे फूल याच जातीचे होते. दुसरा एखादा संग्राहक असता तर डोक्यावरच्या भव्य वृक्षांकडे पाहण्याच्या नादात त्याचा पाय कदाचित त्या फुलावरच पडला असता.

या फुलाचे गोत्र अगदीच अनोळखी नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले विल्यम ग्रिफिथ नावाचे एक डॉक्टर मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आसाम, भूतान, अफगाणिस्तान असा त्यांचा संचार झालेला होता. ब्रह्मदेशातील तेनासरीमच्या किनारपट्टीत त्यांना अशाच प्रकारची एक लहानशी, बिनपानांची वनस्पती मिळाली. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वनस्पतींची अंतर्रचना पाहणारे टॉमस स्मिथ नावाचे एक गृहस्थ त्या वेळी लंडनमध्ये होते. त्यांचा गौरव करावा असे ग्रिफिथ यांना वाटले. परंतु स्मिथ हे आडनाव तर इंग्लंडात घरोघरी. म्हणून ग्रिफिथ यांनी त्या नावातील अक्षरांची उलटापालट केली आणि नव्या प्रजातीचे नाव ठेवले थिस्मिया. मराठीत लिहिले तरी ही गंमत लक्षात येते. १८४५ साली, वयाची पस्तीस वर्षेही पूर्ण झाली नाहीत तोच, ग्रिफिथ मलाक्का येथे वारले.

बेक्कारींनी आपले फूल या थिस्मिया प्रजातीत बसविले. पाने नसलेल्या वनस्पतीचे वर्गीकरण करणे हे कसोटीचे काम असते. आंबा असो की पिंपळ, नुसते पान दाखविले तरी जाणता मनुष्य झाड सांगतो. येथे पान नाही, खोड नाही, फांदी नाही. सारा निर्णय फुलावरूनच घ्यावयाचा. म्हणून फूल उघडून पाहावे लागते. पुंकेसर किती आहेत, ते कोठे चिकटले आहेत, बीजकोश पाकळ्यांच्या वर आहे की खाली, पाकळ्या सुट्या आहेत की एकमेकींस जुळलेल्या आहेत, हे एकेक करून पाहावे लागते. थिस्मियाच्या फुलात सहा पुंकेसर नळीच्या तोंडापासून आत खाली लोंबत असतात. अशी खूण पटली की गोत्र ठरते. मग त्या गोत्रातील इतर जातींहून हे फूल कोठे वेगळे आहे ते शोधावयाचे. बेक्कारींच्या फुलाच्या बाबतीत ते वेगळेपण माथ्यावरच होते. रोमन लोकांचा सागरदेव नेपच्यून याच्या हाती त्रिशूळ असतो. या फुलाच्या डोक्यावरही तीन तंतू. त्याचे नाव पडले थिस्मिया नेप्च्यूनिस.

बोर्निओतील अशाच आणखी दोन वनस्पतींसाठी बेक्कारींनी जिओमित्रा नावाची एक नवी प्रजातीच स्थापन केली. त्या फुलांचा वरचा भाग ख्रिस्ती धर्मगुरूंच्या उंच टोपीसारखा दिसतो, आणि जिओमित्रा या शब्दात जमीन आणि ती टोपी या दोहोंचा अर्थ आहे. पुढच्या पुष्कळ अभ्यासकांनी ही प्रजाती वेगळी न मानता थिस्मियातच सामावून घेतली. वर्गीकरणात असे नेहमीच घडते. नावे बदलतात, घरे बदलतात. मूळ वर्णन बिनचूक असेल तर वनस्पती मात्र हरवत नाही.

आता एक प्रश्न उभा राहतो. हिरवे पान नाही तर ही वनस्पती खाते काय? वनस्पतींच्या पानांत हरितद्रव्य असते. त्याच्या योगाने पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून सूर्याच्या उजेडात साखर तयार होते. तेच झाडाचे अन्न. हरितद्रव्य नसेल तर चूल पेटावयाचीच नाही. बेक्कारींच्या तरुणपणी बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, अशा वनस्पती कुजलेल्या पाल्यातून परस्पर अन्न शोषून घेत असाव्यात. ती पाचोळ्यातच उगवतात, तेव्हा ही कल्पना साहजिकच होती. पण ती खरी नव्हती.

खरा उलगडा होऊ लागला तो युरोपातील रानांत. मोनोट्रोपा नावाची एक पांढुरकी-पिवळसर वनस्पती तेथील देवदार व पाइन वृक्षांच्या सावलीत उगवते. १८८१ साली पोलंडचे फ्रान्त्सिशेक कामिएन्स्की यांनी दाखवून दिले की, तिच्या मुळांभोवती बुरशीच्या तंतूंचे संपूर्ण आवरण असते आणि जमिनीतून जे काही तिला मिळते ते या बुरशीच्या वाटेनेच मिळते. चार वर्षांनी, १८८५ साली, जर्मनीचे आल्बेर्ट फ्रांक यांनी वृक्षांच्या मुळांशी असणाऱ्या या बुरशीचा सविस्तर अभ्यास केला आणि मूळ व बुरशी यांच्या या जोडीला नाव दिले. मराठीत तिला कवकमूल म्हणतात.

पावसाळ्यात उगवणारी अळंबी आपण पाहतो. ती बुरशीचा केवळ वर आलेला भाग होय. तिचा खरा पसारा जमिनीत, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशा तंतूंच्या रूपाने पसरलेला असतो. अशा पुष्कळ बुरशी झाडांच्या मुळांशी सोयरीक जोडतात. बुरशी झाडाला पाणी व क्षार आणून देते; झाड तिला साखर देते. दोघांचा व्यवहार रोखठोक चालतो. थिस्मिया आणि मोनोट्रोपा यांच्यासारख्या वनस्पती या व्यवहारात मधूनच शिरतात. त्या आपली मुळे बुरशीच्या तंतूंशी जोडतात आणि तिच्याकडची साखर घेतात. झाडाने मिळविले, बुरशीने वाहून नेले आणि या पाहुणीने खाल्ले. आंब्यावरचे बांडगूळ किंवा कुंपणावरची अमरवेल झाडाच्या अंगातच मुळे खुपसते. तिची चोरी दिसते. थिस्मियाची चोरी जमिनीखाली आणि तीही तिसऱ्याच्या हातून. म्हणून ती उमगावयास इतका काळ लागला. १९६० साली स्वीडनच्या एरिक ब्यर्कमन यांनी वृक्षांच्या सालीखाली किरणोत्सर्गी कर्ब असलेली साखर घातली. काही दिवसांनी तोच कर्ब जवळच्या मोनोट्रोपामध्ये सापडला, आणि वृक्षाची साखर बुरशीच्या मार्गाने तिच्यापर्यंत जाते हे प्रयोगाने सिद्ध झाले.

अशी वनस्पती वर्षभर जमिनीतच राहते. तिला उजेडाची गरज नसल्यामुळे वर येण्याचे कारणच नसते. केवळ फुलण्यापुरती ती काही आठवडे डोके वर काढते, आणि कदाचित दरवर्षीही काढीत नाही. त्या थोड्या दिवसांत, त्या ठिकाणी, नजर खाली ठेवून चालणारा मनुष्य आला तरच तिची गाठ पडावयाची. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील केरळातही थिस्मियाच्या गणगोतातील वनस्पती सापडल्या आहेत; पण त्याही अशाच दुर्मीळ.

याच सारावाकात बेक्कारींना राफ्लेसिया या परोपजीवी वनस्पतीची एक नवी जात मिळाली. तिला पाने-खोड काहीच नसते. ती रानवेलींच्या अंगात लपून राहते आणि तिचे प्रचंड, मांसाच्या रंगाचे फूल एकाएकी जमिनीवर उमलते. सारावाकचा कारभार पाहणारे चार्ल्स ब्रूक यांना तेथील लोक तुआन मुडा या पदवीने ओळखत. १८६८ साली बेक्कारींनी या फुलाला त्यांचे नाव दिले. हिरव्या पानांवाचून जगणाऱ्या वनस्पतींकडे या माणसाचे लक्ष मोठ्या चौकसपणे लागलेले होते, हे यावरून दिसते.

१८६८ च्या आरंभी बेक्कारी बोर्निओहून निघाले. पुढल्याच वर्षी त्यांनी इटलीत वनस्पतिशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. पण घरी बसून कागद चाळण्यात त्यांचे मन रमेना. १८७० साली ते तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून हबसाणाच्या भागात जाऊन आले. त्यानंतर १८७१ पासून १८७६ पर्यंत त्यांनी न्यू गिनी व आसपासच्या बेटांत प्रवास केला. त्या प्रवासात त्यांचे सोबती लुइजी दाल्बेर्तिस आजारी पडून परतले. बेक्कारी पुन्हा एकदा मागे राहिले.

न्यू गिनीतील अर्फाक पर्वतात त्यांनी पाहिलेली एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. रानातल्या एका मोकळ्या जागी त्यांना गवताकाड्यांची एक सुबक लहान झोपडी दिसली. दारापुढे शेवाळाचे हिरवे अंगण होते आणि त्या अंगणात रंगीत फुले, फळे व टरफले यांच्या वेगवेगळ्या राशी मांडून ठेवलेल्या होत्या. हे एखाद्या मुलीचे भातुकलीचे घर असावे असेच कोणाला वाटले असते. वस्तुतः ते एका साध्या तपकिरी पक्ष्याने मादीला आकर्षून घेण्यासाठी रचलेले होते. तेथील शिकारी त्या पक्ष्याला माळी म्हणत. बेक्कारींनी बंदूक खाली ठेवली, कागद काढला आणि त्या झोपडीचे व अंगणाचे चित्र रेखाटले. ते वर्णन व चित्र प्रसिद्ध झाले तेव्हा युरोपातील वाचक थक्क झाले.

परतल्यावर त्यांनी मालेझिया नावाची एक ग्रंथमाला काढण्यास आरंभ केला. आपल्या प्रवासांत मिळालेल्या वनस्पतींची वर्णने आणि चित्रे तीत ते प्रसिद्ध करू लागले. मातांगच्या त्या फुलाची पाळी आली १८७८ साली, म्हणजे ते दिसल्यानंतर बारा वर्षांनी. नोंदवहीतून निघून ते छापील पानावर आले आणि शास्त्राच्या जगाला प्रथम माहीत झाले.

योगायोग असा की, ज्या वर्षी हे इवलेसे फूल ग्रंथात आले त्याच वर्षी बेक्कारींना जगातील एक महाकाय वनस्पती सापडली. ते पुन्हा पूर्वेकडे गेले होते. हिंदुस्थान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड असा प्रवास करून ते सुमात्रा बेटात उतरले. तेथे ऑगस्ट १८७८ मध्ये, आपल्याकडील सुरणाच्याच कुळातील पण राक्षसी आकाराची एक वनस्पती त्यांनी पाहिली. तिचा एक कंद खणून काढला तो दोघा माणसांनाही उचलता उचलेना. तिच्या मोहोराची उंची पुरुषभर उंचीहून अधिक असते आणि त्याला कुजलेल्या मांसासारखी दुर्गंधी येते. बेक्कारींनी कंद व बिया इटलीला धाडल्या. त्या सुमारास द्राक्षवेलींचा नाश करणाऱ्या एका किडीमुळे फ्रान्समध्ये परदेशी रोपे उतरविण्यास बंदी होती. त्यामुळे ते कंद मार्सेय बंदरात अडकले आणि कुजून गेले. सुदैवाने बिया फ्लॉरेन्सला पोहोचल्या व एका सरदाराच्या बागेत रुजल्या. त्यांतले एक रोप क्यू येथे पाठविण्यात आले आणि १८८९ साली तेथे त्याला मोहोर आला. लोक नाकाला रुमाल लावून तो पाहावयास गेले. बेक्कारींनी सांगितलेला अगडबंब आकार खरा होता याची साऱ्या लंडनला साक्ष पटली.

थिस्मिया नेप्च्यूनिसला अशी साक्ष मिळण्याचा मार्ग नव्हता. तिचे बी बागेत पेरून भागत नाही. तिच्याबरोबर तिची बुरशी पाहिजे आणि बुरशीबरोबर तिची झाडे पाहिजेत. म्हणजे सारे रानच आणावयास पाहिजे. ग्रंथातले ते चित्र पाहून एवढेच म्हणता येत होते की, असे एक फूल बेक्कारींनी पाहिले होते.

सुमात्राहून परतलेल्या बेक्कारींच्या वाट्याला आपल्याच गावी समाधान आले नाही. फ्लॉरेन्स येथील वनस्पतिबाग व संग्रह यांचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. परंतु संग्रहांची जागा आणि व्यवस्था यांसंबंधी वरिष्ठांशी त्यांचा तीव्र मतभेद झाला आणि १८७९ साली त्यांनी राजीनामा दिला. स्वभावाने ते करारी होते. थोडे पड खाऊन राहिले असते तर त्यांच्या कामाची सोय झाली असती, असेही म्हणता येईल. पण ज्याने एकेक पान शेकोटीच्या उबेवर जपून वाळविले होते, त्याला त्या पानांची हेळसांड कशी सोसवावी? पुढे त्यांचे लेखन मंदावले. मालेझियाचा तिसरा खंड १८९० साली निघाला आणि ती ग्रंथमाला तेथेच थांबली.

तथापि त्यांची लेखणी कायमची थांबली नाही. सारावाकच्या राणी मार्गारेट ब्रूक यांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या जुन्या नोंदवह्या पुन्हा बाहेर काढल्या. तरुणपणी बोर्निओच्या अरण्यात घालविलेल्या दिवसांचा वृत्तान्त त्यांनी ग्रंथरूपाने लिहिला आणि १९०२ साली तो प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. उरलेले आयुष्य त्यांनी ताड, माड आणि वेत यांच्या कुळाच्या अभ्यासाला वाहिले. वेताच्या जातींवरचा त्यांचा मोठा सचित्र ग्रंथ कलकत्त्याच्या शाही वनस्पतिबागेने १९०८ साली प्रकाशित केला. आजही वेताचे नाव ठरविताना अभ्यासकांना तो उघडून पाहावा लागतो.

२५ ऑक्टोबर १९२० रोजी फ्लॉरेन्स येथे बेक्कारींचे निधन झाले. त्यांचे फूल दुसऱ्या कोणास दिसल्याची वार्ता त्यांच्या हयातीत आली नाही.

त्यानंतर काळ बराच लोटला. ब्रूक घराण्याचे राज्य गेले. १९६३ साली सारावाक मलेशियात सामील झाले. बोर्निओची अरण्ये झपाट्याने तुटू लागली. मातांगच्या डोंगरावरील रानाचा काही भाग मात्र राखलेला राहिला. जानेवारी २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्या डोंगराच्या परिसरात हिंडत होते. एके ठिकाणी पाचोळ्यातून वर आलेली काही मोजकी फुले त्यांना दिसली. उंची सुमारे ९ सेंटिमीटर; पाने नाहीत; हिरवा रंग नाही. त्यांनी ती बेक्कारींच्या वर्णनाशी व चित्राशी ताडून पाहिली आणि २०१८ साली आपला शोध प्रसिद्ध केला. थिस्मिया नेप्च्यूनिस १५१ वर्षांनी पुन्हा सापडली होती.

या वेळी शास्त्रज्ञांच्या हाती कॅमेरा होता. त्या फुलाचे पहिले छायाचित्र निघाले. त्याच्या माथ्यावर, १८७८ सालच्या चित्रात होते त्याप्रमाणेच, तीन लांब तंतू उभे होते.